गाभण मेंढीला नुसतं उसाचं वाढं घालू नका, लोकर पोटातच ठरते

साखर कारखाने पेटले की बेळगावकडच्या चिकोडी, रायबाग, निपाणी भागात मेंढरांचा एकच चारा, उसाचं वाढं, म्हणजे तोडणीत उरलेले हिरवे शेंडे. फुकट मिळतं, रानात कळप बसवला की शेतकऱ्याला खत आणि मेंढक्याला धान्य, सगळ्यांचं भागतं. पण जून-जुलैत गाभ गेलेल्या मेंढ्या नेमक्या याच दिवसांत शेवटच्या दीड-दोन महिन्यांत असतात आणि पोटातलं कोकरू सगळ्यात जास्त तेव्हाच वाढतं. दरसाल तेच बघतोय, मेंढीचं पोट भरलेलं दिसतं आणि कोकरू निपजतं मुठीएवढं, अंगावर नावाला लोकर.

ही लोकर नंतर भरून निघत नाही, हे लोकांना पटतच नाही. केसांची मुळं आईच्या पोटातच तयार होतात, जाड केसांची आधी, बारीक लोकरीची त्यानंतर, शेवटच्या टप्प्यात. जन्मल्यावर काही आठवडे थोडं काम चालतं आणि मग संपलं, तेवढ्याच मुळांवर आयुष्य काढायचं. पुढं जीन्स, म्हणजे पेशीतल्या आनुवंशिक सूचना, फक्त चालू-बंद करतात, केस कधी वाढवायचा, कधी थांबवायचा, कधी गाळायचा. एफजीएफ-५ नावाचा जीन ‘आता बास’ म्हणणारा आहे, चीनमध्ये तोच निकामी केलेल्या शेळ्यांचे केस लांब झाले असं २०१६ ला छापून आलंय. ते प्रयोगशाळेतलं काम, गर्भाच्या पेशीवर केलेलं. आपल्याकडं एजंट ‘केसांचे जीन जागे करतं’ म्हणून टॉनिकची बाटली घेऊन फिरतात, त्याचा याच्याशी काडीचा संबंध नाही, त्या पैशात पेंडीचं पोतं येतं.

पश्मिना, म्हणजे शालीची मऊ लोकर देणाऱ्या शेळीच्या करडांच्या जाहिरातीलाही भुलू नका. त्या शेळीची खालची मऊ लव दिवस लहान होत जातील तशी वाढते आणि वसंतात सुटते. लडाखात उन्हाळा-हिवाळ्याच्या दिवसात साडेचार तासांचा फरक, वर हाडं गोठवणारी थंडी. बेळगावात फरक जेमतेम दोन तासांचा, थंडी म्हणजे स्वेटरपुरती. आपली दख्खनी मेंढी बरी, तिची लोकर जाडीभरडी पण घोंगडीला तीच लागते.

तर आता काय करायचं. वाढं बंद करा म्हणत नाही, पण एकूण चाऱ्यात अर्ध्याच्या आत ठेवा. त्यात प्रोटीन कमी आणि ऑक्झलेट नावाचं द्रव्य असतं, ते कॅल्शियम अडवून ठेवतं, म्हणून कुट्टीवर चुन्याची निवळी शिंपडतात. उरलेलं तुरीचं नाहीतर हरभऱ्याचं भुसकट, शेवरीचा पाला. सुबाभूळ चांगला पण तिसऱ्या हिश्श्याच्या वर नको, त्यातलं मिमोसिन नावाचं विषारी द्रव्य केसांची वाढच थांबवतं आणि लोकर हातात येते, मग लोक म्हणतात खरूज झाली.

खुराक रोज दर मेंढीला २०० ते ३०० ग्रॅम, मका भरड आणि शेंगदाणा पेंड. लोकरीला गंधक लागतं, ते चांगल्या प्रोटीनमधून मिळतं, वेगळी पावडर घ्यायची गरज नाही. मीठ-खनिज मिश्रण मेंढीचंच घ्या, गाईचं देऊ नका, त्यात तांबं जास्त असलं तर मेंढी मरते. वजनकाटा नसेल तर पाठीच्या कण्यावर बोटं फिरवा, हाड टोचत असलं तर खुराक मुठीनं वाढवा, हा माझा अंदाज, पुस्तकातला नाही. आणि मेंढी उपाशी राहिली त्या आठवड्यात केस बारीक होतो, पुढं तिथंच तुटतो. घोंगडी विणणाऱ्याला दाखवा, तो लगेच ओळखतो.

बाकी नेहमीचं:
- आंत्रविषार (आतड्यातल्या विषबाधेचा रोग) लस, विण्याआधी महिनाभर
- जंतनाशक शेण तपासून, डॉक्टरला विचारूनच
- अल्बेंडाझोल हे जंतनाशक गाभणपणाच्या पहिल्या महिन्यात नको
- शेवटच्या महिन्यात कातरणी, ओढाताण नको
- कोरडी जागा, थंड वाऱ्याला आडोसा
- विल्यावर तासाभरात कोकराला चीक

परतीचा पाऊस यंदा लांबला तर भुसकट भिजून बुरशी धरणार, ते आत्ताच पत्र्याखाली घ्या. बुरशीचं भुसकट गाभण मेंढीला घालाल तर गाभ जायची भीती, मग वाढ्याचा हिशोबच राहणार नाही.