मिनेसोटात मित्रांबरोबर गळ टाकायला जाताय? या चुका टाळा

मे महिन्यात मिनेसोटाच्या उत्तरेकडच्या जंगलात वॉलआय माशाचा हंगाम सुरू होतो. चार मित्र जमून तिथल्या ईली गावाकडे निघतात आणि बरेचदा रिकाम्या हाताने परततात. ‘तळ्यात मासेच नव्हते’ म्हणतात. मासे असतात, वेळ चुकलेली असते. चहा-पोहे उरकून दहाला होडी पाण्यात घातली, तर ऊन चढलेलं असतं. वॉलआयच्या डोळ्यांत उजेड परतवणारा थर असतो. अंधुक प्रकाशात त्याला भक्ष्य छान दिसतं, पण लख्ख उन्हात तो खोल जातो. तेव्हा पहाट आणि दिवेलागणीची वेळ राखून ठेवा, पोहे नंतर. भर दिवसाच जायचं असेल, तर ढगाळ आणि वाऱ्याचा दिवस बघा.

दोऱ्याचा गुंता हे दुसरं दुखणं. स्पिनिंग रील, म्हणजे दोरा गुंडाळायची चकरी, काठोकाठ भरू नका, कडेला दोन-तीन मिलिमीटर जागा सोडा. गळ फेकल्यावर रीलची तारेची कमान हँडल फिरवून नाही, हाताने बंद करा, आणि गुंडाळण्याआधी दोरा बोटाने ताणून घ्या. सैल वेटोळी बसली की पुढच्या फेकीला अख्खा गुच्छ बाहेर येतो. तो ओढू नका, गाठ आवळते.

मासा लागला आणि दोरा तुटला, तर तुटलेलं टोक बघा. टोक कुरळं झालं असेल तर गाठ सुटली. सुरीने कापल्यासारखं असेल तर तो नॉर्दर्न पाइक मासा, त्याचे दात तसेच असतात. पाइक फार असतील तिथे गळाच्या वर तारेचा तुकडा लावा, आणि गळ काढायला पक्कड वापरा. त्याच्या तोंडात बोट घालायचं नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मेमध्ये तळ्यावरचा बर्फ नुकताच वितळलेला असतो. त्या पाण्यात पडलं की पहिल्याच क्षणी श्वास अडकतो, आणि पट्टीचा पोहणाराही हतबल होतो. लाइफ जॅकेट होडीत ठेवून उपयोग नाही, अंगात हवं. फोटोसाठी दोघं एकदम उभे राहिले की कनू (वल्ह्याची अरुंद होडी) उलटलीच म्हणून समजा. मित्राला खडसावून खाली बसवा, त्याला राग आला तरी चालेल.

मासेमारीच्या परवान्याचं थोडक्यात: वय सोळा किंवा जास्त असेल तर प्रत्येकाला स्वतःचा, आणि शेजारच्या विस्कॉन्सिन राज्याचा मिनेसोटात चालत नाही. ईलीजवळच्या बाउंडरी वॉटर्स या तळ्यांच्या राखीव जंगलात मुक्काम करायचा तर वेगळा परमिट लागतो. मे ते सप्टेंबर त्याला कोटा असतो, म्हणून आधीच काढा. गटात जास्तीत जास्त नऊ जण. काचेच्या बाटल्या आणि डबाबंद पदार्थांचे पत्र्याचे डबे तिथे चालत नाहीत, म्हणून लोणचं प्लास्टिकच्या डब्यात भरून न्या.

आमिषाचे उरलेले मिनो मासे दया येऊन तळ्यात सोडू नका, परक्या जाती अशाच पसरतात. ते कचऱ्यात टाका. निघताना होडीतलं पाणी पूर्ण काढा आणि बूच काढूनच ती रस्त्यावर न्या, कायदाच तसा आहे.