लांबलेल्या आजारात चालणं, ध्यान आणि चिकाटी: नेमकं करायचं काय

आजार लांबला की सल्ले देणारे खूप भेटतात. जरा चालत जा, मन शांत ठेव, धीर सोडू नकोस. तिन्ही बरोबरच आहेत हो, पण किती चालायचं, मन शांत ठेवायचं म्हणजे बसून नक्की काय करायचं हे कोणी सांगत नाही, आणि मग माणूस एखाद्या चांगल्या दिवशी उत्साहात भरपूर चालून येतो आणि पुढचे तीन दिवस अंथरुणात. म्हणून जरा सविस्तर लिहितेय. आधीच सांगते, याने आजार पळून जातो वगैरे माझं म्हणणं नाही आणि चालायला लागलात म्हणून गोळ्या मनाने कमी करू नका. आजारासकट दिवस बरे जावेत, एवढ्यासाठीच हे सगळं.

सुरू करण्याआधी तुमच्या डॉक्टरांना एकच स्पष्ट प्रश्न विचारा, मी चालू शकतो का आणि कुठे थांबायचं. हृदयाचा त्रास असेल, नुकतंच ऑपरेशन झालं असेल, तोल जात असेल तर हे विचारणं टाळूच नका. चालताना छातीत दुखलं किंवा दाब आला, चक्कर आली, नेहमीपेक्षा वेगळा दम लागला तर तिथेच बसा, आणि बसूनही कमी होत नसेल तर "बघू थोड्या वेळाने" म्हणत न बसता तातडीची मदत बोलवा.

आता मुख्य मुद्दा. रोज किती चालायचं हे चांगल्या दिवसावरून ठरवू नका, वाईट दिवसावरून ठरवा. म्हणजे अंग दुखतंय, झोप नीट झाली नाही, अशा दिवशीसुद्धा जेवढं जमेल तेवढंच तुमचं रोजचं माप. ते पाच मिनिटं असेल, घरातल्या घरात दोन फेऱ्या असतील, लाज वाटायचं काही कारण नाही. चांगल्या दिवशी पण तेवढंच चाला, हे सगळ्यात अवघड आहे कारण त्या दिवशी वाटतं की राहिलेलं सगळं आजच भरून काढू. नाही काढायचं. आठवडा दोन आठवडे तेच माप नीट पेललं तर एक-दोन मिनिटं वाढवा, परत थांबा, परत बघा. एका दमात होत नसेल तर दिवसातून तीन वेळा थोडं थोडं केलं तरी चालतं.

ते रोज दहा हजार पावलांचं डोक्यातून काढून टाका. तो आकडा डॉक्टरांनी काढलेला नाही, १९६५ च्या सुमारास जपानमधे पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं त्याचं नावच "दहा हजार पावलं मोजणारं" अशा अर्थाचं होतं, तिथून तो पसरला. पण म्हणून नुसतं पडूनही राहू नका. १९६६ साली अमेरिकेत डॅलसमधे पाच तरुण निरोगी मुलांना तीन आठवडे अंथरुणात झोपवून ठेवलं होतं, तेवढ्यात त्यांच्या शरीराची ऑक्सिजन वापरायची क्षमता सरासरी पाव भागाहून जास्त घसरली. धडधाकट मुलांचं हे, मग आजारी माणूस महिनोन् महिने पडून राहिला तर थकवा आजाराचा किती आणि पडून राहण्याचा किती हे कळतच नाही.

वेग किती ठेवायचा, तर चालताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. गाणं म्हणता येणार नाही पण बोलता येईल, एवढा वेग बऱ्याच जणांना पुरतो, आणि सुरुवातीला त्याहून हळू चाललात तरी काही बिघडत नाही. नाडी मोजून वेग ठरवणार असाल तर एक लक्षात ठेवा, बीटा ब्लॉकर गटातली (बीपी किंवा हृदयासाठी देतात ती) गोळी चालू असेल तर ठोके मुळातच कमी राहतात, घड्याळातला आकडा फसवतो. इन्सुलिन किंवा साखर फार खाली आणू शकेल अशी गोळी घेत असाल तर खिशात ग्लुकोज ठेवा आणि घरी आल्यावर तळपाय बघा, कारण डायबेटिसमधे पायाला झालेली जखम कळतच नाही कित्येकदा. फुप्फुसाचा त्रास असेल तर नाकाने श्वास घ्या आणि ओठांचा चंबू करून हळूहळू सोडा, घ्यायला लागतो त्याच्या साधारण दुप्पट वेळ सोडायला.

सांधेदुखीवाल्यांसाठी एक सोपी खूण आहे, चालून दोन तास झाल्यावर दुखणं चालण्याआधीपेक्षा जास्त असेल तर उद्या कमी चालायचं. पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्यामुळे ज्यांची पोटरी भरून येते त्यांचं जरा उलटं असतं, त्यांना दुखायला लागेपर्यंत चाला, मग थांबा, कमी झालं की परत चाला असंच सांगतात, आठवड्यातून निदान तीनदा आणि किमान तीन महिने.

आणि एक गोष्ट ठळक सांगते. क्रॉनिक फटीग सिंड्रोम (विश्रांती घेऊनही न जाणाऱ्या थकव्याचा आजार) असेल, किंवा लाँग कोविडमधे (कोविड होऊन गेल्यावरही त्रास रेंगाळतो तो) थोडं काही केलं की लगेच नाही पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पार कोसळायला होत असेल, तर "रोज थोडं थोडं वाढवा" हा सल्ला तुमच्यासाठी नाही. ब्रिटनमधे कोणत्या आजाराला कोणते उपचार द्यावेत हे सांगणाऱ्या नाइस या संस्थेने २०२१ मधे नव्या सूचना काढल्या, त्यात क्रॉनिक फटीगच्या पेशंटना ठरावीक टप्प्याने व्यायाम वाढवत नेणारा उपचार देऊ नका असं स्पष्ट सांगितलंय. अशा वेळी आपल्याकडे शक्ती किती आहे ते ओळखून त्याच्या आतच राहायचं, थकायच्या आधी थांबायचं. लोक आळशी म्हणतील, म्हणू देत.

आता ध्यान. पाठ ताठ, मांडी घालून, डोळे मिटून, यातलं काहीच सक्तीचं नाही. पडून करा, खुर्चीत करा, झोप लागली तर लागू दे. पाच मिनिटांचा टायमर लावा आणि श्वास आत जातोय बाहेर येतोय एवढंच बघत राहा, मुद्दाम मोठा श्वास घेऊ नका. मन रिपोर्टकडे, बिलाकडे, "माझंच का" कडे जाणारच, गेलं हे कळलं की परत श्वासावर या. हे परत येणं म्हणजेच ध्यान, विचार बंद होणं नाही. बरेच जण इथेच सोडून देतात, मला जमत नाही म्हणून, आणि खरं तर ते करतच असतात.

ज्यांना दमा किंवा सीओपीडी (फुप्फुसांचा जुनाट आजार) आहे त्यांनी श्वासाकडे बघितलं की उलट घाबरायला होऊ शकतं, त्यांनी तळपाय जमिनीला टेकलेत तिथे लक्ष ठेवा किंवा आजूबाजूचे आवाज ऐका. दुखणं असेल तर पायाच्या बोटांपासून डोक्यापर्यंत एकेका भागावर सावकाश लक्ष न्या. ध्यान शिकवणारे जॉन कबात-झिन यांनी १९७९ मधे अमेरिकेत पेशंटसाठी जो कोर्स सुरू केला त्यात हे होतं, आणि तिथे सुरुवातीला येणाऱ्यांत वर्षानुवर्षं दुखणं असलेले पेशंट बरेच होते. त्याने दुखणं जाईलच असं नाही, पण "दुखतंय" आणि "हे असंच राहणार, माझं संपलं" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे हळूहळू दिसायला लागतं, आणि दुसरीचं ओझं थोडं तरी उतरतं. मात्र डोळे मिटल्यावर जुने भयंकर प्रसंग वर येत असतील, छातीत धडधडत असेल, तर डोळे उघडा, थांबा. रेटून नेऊ नका, मानसोपचार करणाऱ्या माणसाशी बोला.

दोन्हीला वेळ नसेल तर चालतानाच करा, हळू चाला आणि टाच टेकली, पाऊल टेकलं, बोटं उचलली एवढंच बघा. तोल जात असेल तर भिंतीच्या कडेने.

चिकाटीचं लोक उगाच मोठं करून सांगतात, दात आवळून लढा वगैरे. लंडनच्या एका अभ्यासात नवीन सवय अंगवळणी पडायला मधला आकडा ६६ दिवस आला होता, पण कोणाला १८ लागले तर कोणाला अंदाजे २५४, त्यामुळे शेजाऱ्याचं महिन्यात जमलं म्हणून तुमचंही जमेल असं नाही. आणि मधे एखादा दिवस हुकल्याने फार बिघडत नव्हतं हेही त्यातच दिसलं. मुहूर्त शोधू नका, आधीच रोज होणाऱ्या गोष्टीला जोडा, सकाळची गोळी घेतली की पाच मिनिटं ध्यान, संध्याकाळी चप्पल घातली की चालणं. आजार उसळला, ताप आला, अॅडमिट व्हावं लागलं, की चालणं सरळ बंद. परत सुरू करताना जुन्या मापाच्या निम्म्याने किंवा त्याहूनही कमी करा, आणि ते शून्यावर आल्यासारखं वाटेल, वाटू दे.

एक मात्र, दोन आठवडे सलग मन उदास आहे, कशातच रस वाटत नाहीये, तर त्याला चिकाटी कमी पडली असं समजू नका, ते डिप्रेशन असू शकतं आणि त्याला उपचार आहेत. जगणंच नको वाटत असेल तर त्याच दिवशी कोणाला तरी सांगा.

शेवटचं काम म्हणजे वही. रोज तीनच गोष्टी, किती चाललो, संध्याकाळी कसं वाटलं, दुसऱ्या दिवशी सकाळी कसं वाटलं. तिसरी सगळ्यात महत्त्वाची, कारण जास्त झालं की नाही हे बऱ्याचदा त्या दिवशी कळतच नाही. महिनाभराची पानं डॉक्टरांसमोर ठेवा, "बरं नाही वाटत" म्हणण्यापेक्षा त्यातून त्यांना खूप जास्त कळतं, आणि गोळ्यांची वेळ बदलायची का हेही तेव्हाच विचारून घ्या.