खाडीवरची पाणपक्षी गणना: या चुका टाळा

आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते. त्या दिवसांत ठाणे खाडीच्या दोन्ही काठांवर हौशी मंडळी दुर्बिणी गळ्यात अडकवून उभी राहतात. संध्याकाळी याद्या एकत्र केल्या की डोकेदुखी सुरू होते. ऐरोलीकडचे रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, नेरूळवाल्यांच्याही यादीत असतात आणि तिसऱ्या गटाने आकड्याच्या जागी नुसतेच ‘भरपूर’ लिहिलेले असते. आपण खापर फोडतो ते पक्षी न ओळखता येण्यावर, पण बराचसा घोळ त्याआधी, किती वाजता जमायचे हे ठरवतानाच झालेला असतो.

सकाळी सातला गेलो, पक्षी ठिपक्यांएवढे दिसले

येऊरच्या जंगलात फिरणाऱ्याला पहाटेची सवय असते आणि तीच सवय तो खाडीवर आणतो. इथले पक्षी मात्र पाण्याच्या वेळापत्रकावर चालतात. काठावरच्या कोळी-आगरी घरांत विचारा, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, अमावास्या-पौर्णिमेला सव्वाअकराच्या आसपास. त्यानंतर सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी. म्हणजे अमावास्येच्या रविवारी सातला गेलात तर पाणी पार आत गेलेले असते आणि पक्षीही त्याच्या कडेने लांब चिखलात पांगलेले असतात. त्याच दिवशी नऊच्या सुमारास पाणी चढू लागते, चिखलाची पट्टी अरुंद होत जाते आणि गॉडविट, शेकाटे, तुतवार असे चिखलात चरणारे पक्षी आपोआप तुमच्याकडे सरकतात. भरतीच्या आधीचे दोन-अडीच तास सोन्याचे. उधाणाला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला, हा वेळ भर्रकन संपतो, पाणी तिवरांत शिरले की मोजायला काही उरत नाही. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीच्या, दिवसांत काठालगतचा चिखल पुरता बुडतच नाही, त्यामुळे घाई नसते पण पक्षी फारसे जवळही येत नाहीत.

भरती-ओहोटीचे छापील तक्ते बहुधा अपोलो बंदरचे असतात. खाडीच्या वरच्या टोकाला पाणी थोडे उशिरा पोहोचते, तेवढी सूट धरा.

उन्हाचेही एक गणित आहे. भांडुपच्या काठावरून तुम्ही पूर्वेकडे बघता, त्यामुळे सकाळी सूर्य थेट डोळ्यांत येतो आणि सगळे पक्षी काळे दिसतात. ऐरोली, वाशी, सीवूड्सच्या बाजूने सकाळी ऊन पाठीमागे असते. तिथे संध्याकाळ टाळा.

तेच रोहित दोनदा मोजले गेले

ठाणे खाडीतली ही सर्वांत मोठी चूक. २०१५ साली खाडीचा सुमारे १,६९० हेक्टर पट्टा रोहित अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला. पक्ष्यांना ती हद्द ठाऊक नसते. ओहोटीला ते खाडीच्या चिखलावर चरतात आणि भरती आली की नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळींवर येऊन विसावतात. एका गटाने नऊला खाडीत आणि दुसऱ्याने साडेअकराला तळ्यावर मोजले, तर बेरीज फुगणारच. उपाय एकच: सगळ्या गटांनी एकाच वेळी मोजायचे, आणि मोजणी चालू असताना थवा उडाला तर किती, कुठल्या दिशेला आणि किती वाजता गेला, हे लिहून ठेवायचे. बेरजेला बसलेल्या माणसाला हीच ओळ वाचवते.

‘हजारेक असतील’

मोठा थवा डोळ्यांच्या अंदाजाने मोजला की आकडा बहुतेकदा कमीच येतो. आधी दहा पक्षी एकेक करून मोजा आणि ते दुर्बिणीत किती जागा व्यापतात ते पाहा. मग त्याच मापाने पन्नास, शंभर असे टप्पे करत थव्याच्या टोकापर्यंत जा. थवा चालत असेल तर त्याच्या चालीच्या उलट दिशेने मोजा, म्हणजे पक्षी तुमच्यासमोरून सरकत जातात. रोहित इतके दाटीने उभे असतात की सपाट काठावरून मागच्या रांगा दिसतच नाहीत. बांधावर किंवा मचाणावर चढा. झोपलेल्या पक्ष्याची मान पाठीत खुपसलेली असते, म्हणून डोकी मोजू नका, अंगे मोजा. निघताना थव्याचे सलग फोटो काढून ठेवा, घरी पडताळता येते.

दोन जातींचे रोहित एकत्र असतील तर रंगावर विसंबू नका. चोच पाहा: मोठ्या रोहिताची गुलाबी आणि टोकाला काळी, छोट्याची गडद, लांबून जवळजवळ काळी. करडी पिल्ले दोन्हींत असतात.

कुरव पक्ष्यांचीही (सीगल) अशीच गंमत. हिवाळ्यात तपकिरी डोक्याचा आणि काळ्या डोक्याचा, या दोन्ही जातींचे कुरव पांढऱ्या डोक्याचे होतात, कानामागे फक्त एक ठिपका उरतो. तपकिरी डोक्याच्या प्रौढ पक्ष्याचे डोळे फिकट असतात आणि पंखांच्या काळ्या टोकांत पांढरे ठिपके दिसतात. तरी कळले नाही तर ‘कुरव, जात अनिश्चित’ लिहा. चिखल्या या काठावरच्या लहान पक्ष्यांनाही हाच नियम. ओढूनताणून नाव दिलेला पक्षी यादी नासवतो.

काही दिसलेच नाही

मग शून्य लिहा, आणि पाण्याची स्थितीही. नेरूळच्या डीपीएस तळ्यासारख्या जागी खाडीचे पाणी आत यायची वाट बुजली की शेवाळ माजते किंवा तळे आटते, आणि रोहित उतरत नाहीत. नुसत्या शून्यावरून पुढच्या वर्षीच्या माणसाला हे कळणार नाही.

जवळून बघायच्या हौसेने चिखलात उतरू नका. पाय मांडीपर्यंत रुततो आणि पूर्ण थवा उडतो, म्हणजे दुसऱ्या गटाची मोजणीही गेली. ड्रोनचा विचारही नको.

ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर भरताना प्रत्येक जागेची वेगळी यादी करा, सबंध काठाची एकच लांबलचक नको. आकड्याच्या जागी ‘एक्स’ टाकला तर पक्षी दिसला एवढेच कळते, गणनेला त्याचा उपयोग नाही. शेऱ्यात भरतीची वेळ आणि तुम्ही उभे होता ती नेमकी जागा लिहा, म्हणजे पुढच्या जानेवारीत तिथेच उभे राहता येईल.