आडनाव एक, माणसं आणि गावं अनेक: शोध घेताना या चुका टाळा

वंशावळ लावणारे, गावाचा इतिहास लिहिणारे, ग्रंथालयात लेखकसूची करणारे, जातीच्या दाखल्यासाठी पणजोबांची नोंद शोधणारे, या सगळ्यांचं काम एकाच जागी अडतं. आडनाव जुळलं की माणूस सापडला असं वाटतं, नोंद वहीत चढते आणि पुढची सगळी मांडणी त्या चुकीवर उभी राहते. यावर उपाय साधा आहे, पण तो नेटानं पाळावा लागतो. वडिलांचं नाव, तालुक्यासह गाव आणि साल या तीन खुणांपैकी किमान दोन जुळल्याशिवाय दोन नोंदी एकाच माणसाच्या धरायच्या नाहीत. आडनाव या तिन्हींत येत नाही.

हुद्द्याला घराणं समजणं

पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे ही मुळात वतनं, म्हणजे वंशपरंपरेनं चालणारे हुद्दे. प्रत्येक परगण्याला, म्हणजे गावांच्या गटाला, स्वतःचा देशमुख आणि देशपांडे, प्रत्येक गावाला स्वतःचा पाटील आणि कुलकर्णी. म्हणजे ही आडनावं शेकडो ठिकाणी स्वतंत्रपणे जन्माला आली. लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख यांचं मूळ आडनाव सिद्धये. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर (1943) सी. डी. देशमुख महाडजवळच्या नाते गावचे, चांद्रसेनीय कायस्थ प्रभू समाजातले. विलासराव देशमुख लातूरजवळच्या बाभळगावचे, मराठा समाजातले. तिघांचं आडनाव एक, घराणी तीन. मुसलमान देशमुखही आहेत. म्हणून आडनावावरून जात ठरवणं ही चूक फक्त असभ्य नाही, ती संशोधनालाही घातक आहे. शिंदे, जाधव, पवार, मोरे, गायकवाड यांच्या बाबतीतही तेच. जोशी तर कुमाऊँ, गुजरात, राजस्थानातही भेटतात.

अशा वेळी दोन प्रश्न विचारावेत: वतन कोणत्या गावचं किंवा परगण्याचं, आणि वतनाआधीचं आडनाव काय? दुसऱ्याचं उत्तर घरातल्या कुणालाच ठाऊक नसतं, तेव्हा जमिनीच्या हक्कातले बदल टिपणारी फेरफार नोंदवही कामी येते. परगणा आणि कुलकर्णी वतनं 1950 च्या कायद्यानं गेली, पाटीलकी 1962 च्या कायद्यानं. त्यानंतरच्या वर्षांत वतन जमिनी खालसा, म्हणजे सरकारजमा, होऊन फेरग्रँट झाल्या, म्हणजे पुन्हा दिल्या गेल्या, आणि त्या फेरफारांत वतनदारांची नावं भाऊबंदांसकट सापडतात. तलाठी कार्यालयात नुसता सातबारा मागून हे दिसत नाही. सातबाऱ्यावर वर्तुळात लिहिलेले फेरफार क्रमांक उतरवून घ्या आणि एकेक मागे जात राहा.

जातीच्या दाखल्यासाठी जाणाऱ्यांनी हे आधीच लक्षात घ्यावं: कोतवाल बुकात, म्हणजे गाव नमुना 14 या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीत, आपल्या आडनावाची नोंद सापडली म्हणजे ती आपल्या पूर्वजाची झाली असं नाही. पडताळणीत त्या माणसाशी वडिलांकडचं रक्ताचं नातं वंशावळीनं जोडून दाखवावं लागतं. मधली एक पिढी जरी कागदाविना राहिली, तरी प्रकरण तिथेच अडतं.

‘कर’ दिसला की त्याच नावाच्या गावी जाणं

देशावर माणूस गाव सोडून बाहेर पडला की त्याला गावाचं नाव चिकटतं. साताऱ्यात राहणाऱ्याला सातारकर म्हणायचं कारण नसतं. तो पुण्याला गेला की सातारकर होतो. त्यामुळे ज्या गावात एखादं ‘कर’ आडनाव जास्त आढळतं, ते बहुधा त्या घराण्याचं पोहोचण्याचं ठिकाण असतं, निघण्याचं नव्हे. कोकणात आणि गोव्यात मात्र गावाचं नाव सगळ्याच जातींच्या घरांनी लावलेलं आढळतं. तिथे एका गावाचे दोन ‘कर’ एकमेकांचे कुणीही नसतील, हे धरूनच चालावं.

त्याहून मोठी फसगत गावांच्या नावांत आहे. वडगाव, पिंपळगाव, नांदगाव किती आहेत हे सगळ्यांना माहीत असतं, पण तालुक्यांची नावंसुद्धा दुहेरी आहेत हे विसरलं जातं. कर्जत रायगडमध्ये आहे आणि अहिल्यानगरमध्येही. खेड रत्नागिरीत आणि पुण्यात. मालेगाव नाशिकमध्ये आणि वाशिममध्ये. कळंब धाराशिवमध्ये आणि यवतमाळमध्ये. आष्टी बीडमध्ये आणि वर्ध्यात, शिवाय सांगलीकडचं आष्टा वेगळंच. शिरूर तर तीन: पुण्यातलं, बीडमधलं शिरूर कासार आणि लातूरमधलं शिरूर अनंतपाळ. ‘खेडकर, ता. खेड’ एवढीच टीप लिहून ठेवली, तर दहा वर्षांनी ती वाचणाऱ्याला काहीच कळणार नाही.

गाव नोंदवताना पूर्ण नाव लिहावं: बुद्रुक की खुर्द, तालुका, जिल्हा आणि जमल्यास 2011 च्या जनगणनेतला सहा अंकी गाव क्रमांक. पिन कोडवर विसंबू नका. तो टपाल कार्यालयाचा असतो आणि एका पिन कोडखाली पुष्कळ गावं येतात. जुन्या कागदात ‘मौजे अमुक, तर्फ तमुक, प्रांत फलाणा’ असं असेल, तर तर्फेचं, म्हणजे परगण्याच्या पोटविभागाचं, नाव अजिबात गाळू नका. एकाच नावाच्या दोन मौज्यांतला फरक बहुतेक वेळा तेवढ्यानंच कळतो.

गावाचं नाव आडनावावरूनच पडलं असं धरणं

शिंदेवाडी, पवारवाडी, जाधववाडी या वाड्या वस्ती करणाऱ्या घरांवरून ओळखल्या गेल्या, हे बहुतांशी खरं. पण मोरगावचा मोऱ्यांशी संबंध नाही. उत्तराखंडातलं जोशीमठ जोश्यांनी वसवलेलं नाही; ते ज्योतिर्मठ, आणि 2024 मध्ये तेच नाव अधिकृत झालं. उलट दिशेनंही चूक होते. मंगेशकर हे आडनाव दीनानाथांनी गोव्यातल्या मंगेशीवरून घेतलं. डॉ. आंबेडकरांचं घराणं सकपाळ, गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे, त्यावरून आंबडवेकर आणि शाळेत पुढे आंबेडकर. मागच्या पिढ्या शोधताना आंबेडकर हे आडनाव धरून बसलात तर हाती काही लागणार नाही.

वाड्यांबाबत आणखी एक अडचण. वाडी हे पुष्कळदा स्वतंत्र महसुली गाव नसतं. सातबारा मूळ गावाच्या नावानं निघतो, आणि यादीत वाडी दिसत नाही म्हणून लोक ‘नोंद नाही’ असं लिहून परततात. वाडी कोणत्या महसुली गावात मोडते हे आधी ग्रामपंचायतीत विचारून घ्यावं.

आजचा जिल्हा जुन्या कागदात शोधणं

संस्थानं विलीन झाल्यापासून 1981 पर्यंतच्या कागदात सावंतवाडी किंवा कुडाळ रत्नागिरी जिल्ह्यातच मिळेल, कारण सिंधुदुर्ग त्या वर्षी वेगळा झाला. जालनाही त्याच वर्षीचा. लातूर आणि गडचिरोली 1982 चे, नंदुरबार आणि वाशिम 1998 चे, हिंगोली आणि गोंदिया 1999 चे, पालघर 2014 चा. रायगड म्हणजे पूर्वीचा कुलाबा. धुळे म्हणजे पश्चिम खानदेश, जळगाव म्हणजे पूर्व खानदेश. बेळगाव आणि विजापूर 1956 पर्यंत मुंबई राज्यात होते. मराठवाडा हैदराबाद संस्थानात असल्यामुळे तिथले जुने महसुली कागद उर्दूत आणि फसली सनात, म्हणजे पिकाच्या हंगामावर बेतलेल्या महसुली वर्षात, भेटतात, आणि आडनावाचं उर्दूतलं रूप वाचताना ट आणि त, ड आणि द यांची गल्लत सहज होते.

सन बदलताना घाई नको. शकात 78 मिळवा (जानेवारी ते फाल्गुनअखेर असेल तर 79), म्हणजे शके 1789 चा पाडवा 1867 मधला. फसलीत साधारण 590, मराठेशाहीच्या कागदांतल्या सुहूरसनात 599 किंवा 600. एका वर्षाची चूक किरकोळ वाटते, पण दोन चुलतभावांचे जन्म एका वर्षाच्या अंतरानं असतील तर तीच चूक दोघांना एक करून टाकते.

फक्त आडनावानं माणसाचा उल्लेख

‘गाडगीळ’ हे याचं सगळ्यात बोलकं उदाहरण. राज्यांना केंद्राची योजना मदत वाटण्याचं ‘गाडगीळ सूत्र’ अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांचं, 1969 चं. पश्चिम घाटावरचा ‘गाडगीळ अहवाल’ 2011 चा, परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळांच्या समितीचा. माधवराव हे धनंजयरावांचे चिरंजीव. नेहरूंच्या मंत्रिमंडळातले आणि पुढे पंजाबचे राज्यपाल झालेले काकासाहेब, म्हणजे न. वि. गाडगीळ, हे वेगळे, आणि त्यांचे चिरंजीव विठ्ठलराव हेही केंद्रात मंत्री. नवकथाकार गंगाधर गाडगीळ आणखी वेगळे, पण ते अर्थशास्त्राचे प्राध्यापक, त्यामुळे ‘अर्थशास्त्रज्ञ गाडगीळ’ एवढं म्हटलं तरी दोघे उरतात. एका आडनावात बापलेकांच्या दोन जोड्या आणि एकाच विषयाचे दोघे, अशा ठिकाणी व्यवसाय हा वेगळेपणाचा आधार होऊ शकत नाही. पूर्ण नाव आणि जन्मसाल लागतंच.

तेंडुलकरांचंही तसंच आहे. नाटककार विजय, क्रिकेटपटू सचिन, गांधीजींचं आठ खंडी चरित्र लिहिणारे दी. गो., आणि दारिद्र्यरेषेवर 2009 मध्ये अहवाल देणाऱ्या समितीचे सुरेश. नुसतं ‘तेंडुलकर समिती’ लिहून पुढे गेलात, तर नव्या वाचकाला कोण ते कळायला मार्ग नाही.

आद्याक्षरांचा आधार तर फारच कच्चा. ‘रा. वि.’ म्हणजे रामचंद्र विष्णू, राजाराम विठ्ठल की राघो विनायक? सूची करताना आद्याक्षरं सोडवून लिहा. सोडवता येत नसतील तर अंदाजानं नाव घालू नका, तशीच ठेवा.

आजोबा आणि नातू एकच समजणं

आजोबांचं नाव नातवाला ठेवायची रीत असल्यामुळे रामचंद्र विष्णूंचा मुलगा विष्णू रामचंद्र, आणि त्याचा मुलगा पुन्हा रामचंद्र विष्णू. आजोबा आणि नातू यांचं तिन्ही भागांचं नाव अक्षरशः एक, गाव एक, गट नंबरही एक. वर सांगितलेल्या तीन खुणांपैकी दोन इथे जुळतात आणि तरीही माणूस वेगळा असतो. इथे फक्त साल उपयोगी पडतं. दोघांत साधारण पन्नास-साठ वर्षांचं अंतर असतं. म्हणून प्रत्येक नोंदीसमोर त्या वेळचं अंदाजे वय लिहा. एकच माणूस 1880 मध्ये खरेदीखत करतो आणि 1941 मध्ये मुलाला शाळेत घालतो असं दिसलं, की तिथे दोन माणसं आहेत. आईचं किंवा पत्नीचं नाव मिळालं तर शंका पूर्ण फिटते.

बायका, दत्तक आणि टोपणनावं

लग्नानंतर आडनाव बदलतं हे सगळ्यांना माहीत असतं; न बदलणारी उदाहरणं चकवतात. डॉ. आनंदीबाई जोशी माहेरच्याही जोशीच, यमुना जोशी. जुन्या कागदात बाईच्या नावापुढे ‘कोम’ किंवा ‘भ्रतार’ असेल तर पुढचं नाव नवऱ्याचं, ‘बिन’ हा शब्द मुलाच्या नावापुढे येतो आणि त्याच्या पुढचं नाव बापाचं. हे शब्द उतरवताना गाळले की नवरा बाप होतो.

दत्तकानं अख्खी शाखा बदलते. कोल्हापूरचे शाहू महाराज जन्मानं कागलचे घाटगे, 1884 मध्ये दत्तक गेल्यावर भोसले. अक्कलकोटचे भोसले मूळचे लोखंडे. जन्माचं आणि दत्तकाचं नातं वंशावळीत दोन वेगळ्या रेघांनी दाखवा. टोपणनावाचं तर विचारूच नका: विभावरी शिरूरकर म्हणजे मालतीबाई बेडेकर, पूर्वाश्रमीच्या बाळूताई खरे. त्यांना शिरूरकरांच्या वंशावळीत बसवू नका.

संगणकावर शोध लागत नाही तेव्हा

मोरे, दाते, काळे, साने, गोरे, माने ही आडनावं रोमन अक्षरांत लिहिली की इंग्रजीतले रोजचे शब्द होतात आणि शोधात भलतंच येतं. भारतरत्न पां. वा. काणे रोमन लिपीत शोधले, तर इंग्लंडचा फुटबॉलपटू हॅरी केन आणि न्यूझीलंडचा क्रिकेटपटू केन विल्यमसन आधी भेटतात. अशा वेळी देवनागरीत शोधा, आडनावासोबत पहिलं नाव अवतरणचिन्हांत द्या आणि गाव जोडा.

रूपं बदलून पाहणंही गरजेचं. काळे आणि काले, गोळे आणि गोले, भोसले आणि भोसळे, चव्हाण आणि चौहान, दीक्षित आणि दिक्षित. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नसे, त्यामुळे लिप्यंतर करणाऱ्यानं जे लिहिलं ते मूळ रूप मानू नका. इंग्रजीतून परत आलेली नावं आणखी त्रास देतात: ग्वाल्हेरचे शिंदे हिंदीत सिंधिया झाले, बडोद्याचे गायकवाड रोमन लिपीत दोन-तीन तऱ्हांनी लिहिले गेले. प्रत्येक आडनावाच्या सगळ्या रूपांची एक यादी सुरुवातीलाच करून ठेवली, तर तोच शोध पुन्हा पुन्हा घ्यावा लागत नाही.

आधीच मिसळलेल्या नोंदी सोडवायच्या कशा

प्रत्येक घटनेसाठी वेगळं कार्ड करा: साल, गाव, नाव जसं लिहिलंय तसं, आणि कागद कोणता. कार्डं सालानुसार लावली की विसंगती दिसू लागतात. एकाच वर्षी दोन दूरच्या गावांत हजेरी, मृत्यूनंतरची सही, आठव्या वर्षी झालेला मुलगा. विसंगतीच्या जागी गठ्ठा तोडा आणि दोन माणसं करा. जी कार्डं कुठल्याच बाजूला नक्की बसत नाहीत ती तिसऱ्या गठ्ठ्यात ठेवा, जबरदस्तीनं कुठे घालू नका. तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत नावं आडनाव आणि गावानुसार लावलेली असतात आणि यात्रेला आलेला माणूस बरोबरच्या भावांची आणि मुलांची नावं सांगून जातो, त्यामुळे तिसऱ्या गठ्ठ्यासाठी त्र्यंबकेश्वर, नाशिक किंवा पंढरपूरच्या वह्या पाहण्यासारख्या आहेत.

दोन माणसं वेगळी ठरली की दोघांच्याही कार्डावर ‘त्याच नावाचे अमुक गावचे ते हे नव्हेत’ असं कारणासकट लिहा. नाहीतर पुढचा शोधणारा त्याच दोन नोंदी पाहून त्यांना पुन्हा एकत्र करतो.