सिलिॲक आहे, पथ्य पाळतोय, तरी मन थाऱ्यावर नाही? मग हे करून बघा

गिरणीत ज्वारीचा डबा घेऊन उभी होते, माझ्या आधीच्या काकूंचे गहू दळून संपत आले होते, पीठ सगळीकडे उडत होतं, आणि मला एकदम धडधडायला लागलं, तळहात ओले झाले, डबा तसाच उचलून घरी आले. सिलिॲक म्हणजे गहू, जव यातल्या ग्लुटेन नावाच्या प्रथिनामुळे शरीर स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटतं तो आजार, आणि ग्लुटेन पूर्ण बंद हेच त्याचं पथ्य. ते सुरू करून सात महिने झाले होते तेव्हा. पोट बरंचसं सुधारलं होतं, पण रात्री तीनला जाग यायची ती यायचीच आणि दिवसा कशातच जीव लागायचा नाही. फॉलोअपला सांगितलं तर "टेन्शन घेऊ नका" एवढंच. म्हणून जे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही ते लिहितेय.

पहिलं म्हणजे अँग्झायटी आणि डिप्रेशन सिलिॲकच्या लोकांमध्ये इतरांपेक्षा जास्त दिसतं. हा तुमचा कमकुवतपणा नाही. आजाराचाच भाग समजा आणि तसाच इलाज करा.

सुरुवात रक्ताच्या तपासणीपासून करा. लहान आतड्याच्या आतली लव झिजलेली असते, अन्नातलं शोषून घ्यायचं काम तिचंच, त्यामुळे लोह, बी१२, फोलेट, डी व्हिटॅमिन हे सगळं खाली गेलेलं असू शकतं आणि यातलं काहीही कमी असलं की थकवा, चिडचिड, उदासी येऊ शकते. डॉक्टरांना फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) नाव घेऊन विचारा, नुसतं हिमोग्लोबिन नको. माझं हिमोग्लोबिन काठावर होतं म्हणून पुढे कुणी बघितलंच नाही, फेरिटिन केलं तर ६ निघालं, म्हणजे अगदीच कमी! सोबत टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) पण करा, कारण सिलिॲकवाल्यांना थायरॉईडचा ऑटोइम्यून (शरीर स्वतःवरच उलटतं तसला) त्रास जास्त होतो आणि थायरॉईड कमी पडलं की माणूस अगदी डिप्रेशनसारखाच मलूल होतो. टीटीजी-आयजीए (सिलिॲकच्या अँटिबॉडी मोजणारी रक्ततपासणी) परत करून आधीच्या रिपोर्टशी ताडून बघा, आकडा खाली येत नसेल तर कुठूनतरी ग्लुटेन पोटात जातंय. (अजून निदानच झालेलं नसेल तर टेस्टच्या आधी गहू बंद करू नका, रिपोर्ट खोटा निगेटिव्ह येऊ शकतो.)

कुठून जातंय ते आपल्या स्वयंपाकघरात शोधायला लागतं. पोळी, रवा, मैदा, शेवया, लापशी हे सगळ्यांना माहीत असतं. पण डबीतला हिंग? त्यात बऱ्याचदा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, म्हणजे रोजच्या आमटीच्या फोडणीतून जातंय. मेतकुटात गहू असतो, थालीपिठाच्या भाजणीत असतो, माल्ट घातलेल्या दुधाच्या पावडरींमध्ये जव असतो, सोया सॉसमध्ये गहू असतो. आणि गिरणी. ज्वारी-बाजरी-नाचणी स्वतः निर्धोक, पण गव्हानंतर त्याच चक्कीत दळली की संपलं. जमलं तर घरघंटी घ्या, आम्ही दोन महिने दुसरे खर्च आवरून घेतली, आणि खरं सांगते, त्या घरघंटीने माझी निम्मी धास्ती घालवली कारण रोज शंका घ्यायचं एक ठिकाण कमी झालं.

हेच मुख्य आहे. धास्ती कमी करायची तर रोजचे निर्णय कमी करा. एक फळी फक्त माझी, एक तवा, एक लाटणं, एक हिंगाची डबी (तांदळाच्या पिठातला मिळतो, लेबल वाचून घ्या), ते एकदा ठरवलं की परत परत विचार करायचा नाही. बाहेर दोन-तीन जागा पक्क्या करा जिथे काय खायचं ते आधीच ठरलेलं आहे.

आणि थोडं गणित डोक्यात ठेवा. आपल्याकडे ग्लुटेन फ्री लिहायला किलोमागे २० मिलिग्रॅमची मर्यादा आहे, म्हणजे १०० ग्रॅम खाल्लं तरी जास्तीत जास्त २ मिलिग्रॅम. एका गव्हाच्या पोळीत साधारण दोन-तीन ग्रॅम ग्लुटेन असतं, हजार पट किंवा त्याहून जास्त. म्हणून लेबलवालं पाकीट उघडताना थरथरायची गरज नाही आणि शेजारच्याने पोळी खाल्ली म्हणून ताटावरून उठायची तर नाहीच. काळजी घेणं वेगळं आणि काळजीने आयुष्य आक्रसणं वेगळं. लग्नाला जायचं सोडलं, ऑफिसच्या ट्रिपला नाही म्हटलं, मैत्रिणीकडचा चहा टाळला, असं व्हायला लागलं की समजा दुसरं सुरू झालंय. तेव्हा छोट्या पायऱ्या करा. आधी मैत्रिणीकडे आपला डबा नेऊन नुसतं बसा, मग तिच्या समोर तिच्या कुकरचा साधा भात तूप मीठ, मग पुढचं. धडधडलं तरी पळू नका, बसून राहिलं की बहुतेक वेळा आपोआप उतरतं.

पोटात कालवलं तर लगेच "गेलंच गहू पोटात" म्हणू नका, घाबरल्यावरही पोट तसंच ढवळतं. एका वहीत वेळ, काय खाल्लं, झोप किती, मूड कसा एवढंच लिहा. मला दीड महिन्यात दिसलं की माझे निम्मे "अटॅक" रविवारी रात्री यायचे, सोमवारच्या मीटिंगच्या आधी, आणि जेवण मात्र घरचंच असायचं.

मूड मोजायला पीएचक्यू-९ (डिप्रेशनसाठी) आणि जीएडी-७ (अँग्झायटीसाठी) अशा प्रश्नावल्या आहेत, गेल्या दोन आठवड्यांबद्दल विचारतात, दर महिन्याला एकदा भरा. कुठल्याही एकीत १० किंवा वर आलं तर डॉक्टरांकडे जा. पीएचक्यूचा नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा असतो, तिथे शून्य सोडून काहीही आलं तर त्याच दिवशी कुणाशीतरी बोला, बेरीज बघत बसू नका. टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो, फुकट, मराठीत बोलता येतं.

"पथ्य नीट पाळलं की मन आपोआप बरं होईल" असं म्हणून थांबू नका. २००१ मधल्या एका इटालियन अभ्यासात वर्षभराच्या पथ्यानंतर लोकांची अँग्झायटी कमी झाली पण डिप्रेशन तसंच राहिलं होतं. त्याला वेगळा इलाज लागतो. कौन्सेलरकडे जाताना सिलिॲक म्हणजे काय ते एका कागदावर लिहून न्या, नाहीतर पहिला तास तुमच्या न खाण्यावरच जातो आणि डाएटचं वेड समजलं जातं. गोळ्या दिल्या तर त्यात घातलेला स्टार्च गव्हाचा तर नाही ना, कशाचा आहे ते केमिस्टला किंवा कंपनीला विचारून घ्या, बहुतेक वेळा मक्याचा असतो. परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, आणि बरं वाटलं म्हणून मनाने बंद करू नका.

घरच्यांना एकदा बसवून सांगा की हे लाड नाहीत. सगळ्यांना नाही जमलं तर एकाला तरी. आमच्याकडे सत्यनारायणाला रव्याचा प्रसाद असतो, दरवेळी "चिमूटभराने काय होतं गं" ऐकून मी आत जाऊन रडायचे. मग मीच सासूबाईंना माझा फेरिटिनचा रिपोर्ट दाखवला आणि डॉक्टर काय म्हणाले ते शांतपणे सांगितलं. आता त्या नैवेद्याच्या ताटात एक केळं वेगळं ठेवतात, रव्यापासून लांब, आणि आरती झाली की आधी मला हाक मारतात.