मॉर्मन आणि पारंपरिक ख्रिस्ती श्रद्धा : तुलना कुठून सुरू करावी

मी बायबलचा अभ्यासवर्ग घेते. मॉर्मन म्हणजे एकोणिसाव्या शतकात जोसेफ स्मिथने अमेरिकेत स्थापलेल्या चर्चचे अनुयायी. "मॉर्मन ख्रिस्ती की नाही?" हा प्रश्न तिथे हमखास येतो, आणि लगेच कुणीतरी बहुपत्नीत्वाचा किंवा कॉफीबंदीचा विषय काढतं. तिथून सुरुवात करू नका. बहुपत्नीत्व सोडण्याची जाहीर घोषणा त्यांच्या चर्चने १८९० सालीच केली, आणि कॉफी न पिणं हा आचार झाला. श्रद्धा समजून घ्यायची तर पहिला प्रश्न एकच: देव कोण?

तुलनेसाठी एक वही घ्या आणि दोन्ही बाजूंचे रकाने करा. पारंपरिक बाजूसाठी नायसियाचा विश्वासांगीकार, म्हणजे ख्रिस्ती श्रद्धेचं थोडक्यातलं निवेदन, वाचा. ३२५ आणि ३८१ सालच्या परिषदांतून आलेला हा मजकूर कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि बहुतेक प्रोटेस्टंट आजही मानतात. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या तीन व्यक्ती, तत्त्व मात्र एक. परंपरा पुढे सांगते की देवाने सारं शून्यातून निर्माण केलं. निर्माता तो निर्माता, माणूस ती निर्मिती.

आता मॉर्मनांचा 'डॉक्ट्रिन अँड कव्हनन्ट्स' हा ग्रंथ घ्या. विभाग १३०, वचन २२ : पित्याला हाडामांसाचं शरीर आहे, पुत्रालाही आहे, पवित्र आत्मा आत्मरूप आहे. तिघे वेगवेगळे, एक आहेत ते हेतूने. विभाग ९३ तर म्हणतो की माणसातली प्रज्ञा कुणी निर्माण केलेलीच नाही. एप्रिल १८४४ मध्ये अमेरिकेतल्या नॉवू गावातल्या प्रवचनात जोसेफ स्मिथने याहून पुढची गोष्ट सांगितली : देवही एकेकाळी आपल्यासारखाच होता. हे प्रवचन त्यांच्या प्रमाणग्रंथांत नाही, हे वहीत जरूर लिहा. पण माणूस देवासारखा होऊ शकतो ही त्यांची आशा इथूनच उमजते. देव आणि माणूस त्यांच्या लेखी एकाच जातीचे. माझ्या मते खरा फरक हाच, बाकीचे यातूनच फुटतात.

तारणाकडे, म्हणजे पापातून सुटकेकडे, वळलात की बायबलमधलं पौलाचं पत्र इफिसकरांस २:८-९ आणि मॉर्मनांचा धर्मग्रंथ असलेल्या मॉर्मनच्या पुस्तकातलं २ नेफी २५:२३ शेजारी ठेवा. पौल कृपेने, कर्मांनी नव्हे, असं म्हणतो. नेफी म्हणतो, आपल्याला शक्य ते सगळं केल्यावर कृपेने. इथे घाई नको. कर्मांविषयी कॅथलिक आणि प्रोटेस्टंटही एका सुरात बोलत नाहीत, त्यामुळे नुसतं "ख्रिस्ती मत" असा रकाना पुरत नाही. मरणोत्तर स्थितीसाठी 'डॉक्ट्रिन अँड कव्हनन्ट्स'चा विभाग ७६ बघा, तिथे वैभवाची तीन राज्यं आहेत. मृतांसाठीचा बाप्तिस्मा, म्हणजे मृतांच्या वतीने जिवंतांनी घेतलेला, मॉर्मन १ करिंथकरांस १५:२९ वर आधारतात. इतर बहुतेक चर्चेस त्या वचनावरून असा विधी करत नाहीत.

येशू शरीराने उठला, त्याने पापांसाठी प्राण दिला, हे मॉर्मनही मनापासून मानतात. मी स्वतः नायसियाच्या बाजूची, तरी हे वगळून केलेली तुलना मला अप्रामाणिक वाटते.

व्हॅटिकनने २००१ साली मॉर्मन बाप्तिस्मा अग्राह्य ठरवला, प्रोटेस्टंटांचा मात्र ते सहसा मानतात. बाप्तिस्म्याच्या वेळी मॉर्मनही पिता, पुत्र, पवित्र आत्मा हीच नावं घेतात. व्हॅटिकनचा आक्षेप त्या नावांमागच्या देवाविषयी होता. वही पूर्ण झाली की एखाद्या मॉर्मन व्यक्तीला दाखवा, आणि "आम्ही असं मानत नाही" असं ती जिथे म्हणेल तिथे तिचे शब्द उतरवून घ्या.