इंजिनच्या ब्लॉकला पिस्टन कूलिंग जेट बसवताय? या चुका टाळा

विनाटर्बो इंजिनाला टर्बो लावायचं ठरलं की पिस्टनच्या पोटावर तेल मारणारे जेट बसवावेत, हा विचार योग्यच आहे. अल्युमिनियमचा पिस्टन ३०० अंश सेल्सिअसच्या पुढे झपाट्याने मऊ पडतो. टोयोटाच्या ३ लिटरच्या २जेझेड इंजिनांत टर्बोवाल्या जीटीईला हे जेट कंपनीतूनच येतात, विनाटर्बो जीईला नसतात. पण जेट मागाहून बसवलेले आणि मग निकामी झालेले जे ब्लॉक माझ्याकडे उघडायला आले, त्यांत बहुतेकदा भोकं सुबक होती. तेलाचा हिशोब मात्र कुणी केलेला नव्हता.

तो आधी करा. गॅलरीत, म्हणजे ब्लॉकमधल्या तेलाच्या मुख्य वाटेत, ४ बार दाब असेल तर १ मिमीच्या जेटमधून मिनिटाला साधारण १ लिटर तेल जातं. १.५ मिमीच्या जेटमधून सव्वादोन लिटर, २ मिमीच्या जेटमधून ४ लिटर. व्यास दुप्पट केला की तेल चौपट. चार सिलेंडरना २ मिमीचे जेट लावले तर मिनिटाला १६ लिटर तेल बेअरिंगला न जाता परत सम्पमध्ये, म्हणजे तळाच्या तेलाच्या भांड्यात, पडतं, आणि जुन्या पंपाची तेवढी ऐपत नसते. शिवाय गरम इंजिन आयडलला आलं की दाब मुळातच खाली येतो. तेव्हाही जेट उघडाच राहिला तर क्रँकची मेन आणि बिगएंड बेअरिंग तेलाविना उपाशी राहतात. म्हणून मागून बसवायचा जेट बॉल-स्प्रिंगच्या व्हॉल्व्हचाच घ्या, साधारण दीड ते दोन बारला उघडणारा.

आयडलचा दाब पडला म्हणून रिलीफ व्हॉल्व्हच्या (जास्तीचा तेलदाब सोडणाऱ्या झडपेच्या) स्प्रिंगखाली वॉशर टाकणारे भेटतात. आयडलला तो व्हॉल्व्ह बंदच असतो, त्यामुळे वॉशरने तिथे काहीच फरक पडत नाही. फक्त वरच्या आरपीएमला दाब वाढतो.

आता भोक. गॅलरी ब्लॉकच्या मधोमध सरळ जाते असं धरून ड्रिल लावू नका. ओतकामात कोअर (आतली पोकळी घडवणारा साचा) सरकलेला असतो, एकाच मॉडेलच्या दोन ब्लॉकांत भिंतीची जाडी वेगळी निघते. एका ब्लॉकवर मीच घाई केली. ड्रिल गॅलरीऐवजी वॉटर जॅकेटमध्ये (थंडाव्याच्या पाण्याच्या पोकळीत) गेलं आणि बीडाचा चांगला ब्लॉक भंगारात गेला. तेव्हापासून गॅलरीचे दोन्ही टोकांचे प्लग काढून आत सरळ सळई घालतो, तिच्यावरून बाहेर रेघ मारतो, अल्ट्रासॉनिक मीटरने जाडी पाहतो आणि ३ मिमीचं पायलट भोक डेप्थ स्टॉप लावूनच पाडतो. जेट धरणाऱ्या बोल्टचं डोकं बसतं तो पृष्ठभाग भोकाशी काटकोनात स्पॉटफेस करा, म्हणजे कापून सपाट करा. तो जरा जरी तिरका राहिला तरी तांब्याचा वॉशर एका बाजूने गळतो.

ही सगळी कामं रिबोअर, होनिंग (सिलेंडरची भिंत कापणं आणि घासून नीट करणं) आणि लाईनबोअरच्या (मेन बेअरिंगच्या जागा एका रेषेत कापण्याच्या) आधी उरकायची. ड्रिल गॅलरीत शिरतं तिथे आतून बर (धातूची धारदार कोर) उभी राहते. ती राहिली तर सुटून थेट बेअरिंगमध्ये जाते. एकही प्लग आत न ठेवता लांब ब्रशने गॅलरी घासा, गरम धुलाई करा, हवा मारा. ब्रश स्वच्छ निघेपर्यंत हेच पुन्हा करा.

नेम चुकणं ही सगळ्यात दुर्लक्षित चूक. जेट तिरका असतो, त्यामुळे पिस्टन वर असताना धार एका जागी लागते आणि खाली आल्यावर दुसऱ्या. बोअरवर (सिलेंडरच्या तोंडावर) पारदर्शक अॅक्रिलिकची पट्टी ठेवून तिच्यावर पिस्टनच्या पोटातली जागा आखा आणि प्रेशर टाकीतून तेल सोडून धार बघा. पिस्टनमध्येच कूलिंग गॅलरी (तेल फिरवणारी पोकळी) असेल तर धार तिच्या छोट्या तोंडातच शिरली पाहिजे. बोल्ट आवळताना जेट फिरतो, म्हणून लोकेटिंग पिन द्या. मग जेटच्या नळीवर मातीचा गोळा लावून क्रँक हाताने पूर्ण एक फेरा फिरवा, प्रत्येक सिलेंडरला वेगळा. क्रँकचं काऊंटरवेट, कनेक्टिंग रॉड आणि पिस्टनचा स्कर्ट (खालची कड) यांपासून किमान २ मिमी मोकळी जागा दिसली नाही तर जेट बदला. नळी हाताने वाकवून नेम बिघडवू नका.

काम झाल्यावर तक्रार आली तर असं तपासा. गरम आयडलला दाब कमी असेल तर सम्प उतरवा, गॅलरीला टाकीतून १ बार दाब द्या आणि खालून बघा. या दाबाला जो जेट ठिबकतो त्याचा व्हॉल्व्ह अडकलाय किंवा वॉशर गळतोय. सायलेन्सरमधून निळा धूर येत असेल तर बोअरच्या भिंतीवर तेल जास्त पडतंय. आधी ऑईल रिंग पाहा, मग नेम. तेलाचं तापमान वाढणं अपेक्षितच आहे, कारण पिस्टनची उष्णता आता तेलात येते. ऑईल कूलर नसेल तर तो लावा.

एकच पिस्टन घासला असेल तर सगळे पिस्टन काढून उलटे शेजारी शेजारी ठेवा. ज्याच्या पोटात तेल जळून काळा थर बसलाय आणि बाकीचे फिकट तपकिरी आहेत, त्याच्याच जेटमध्ये बारीक तार घालून बघा. तिथे बहुधा कचरा सापडेल, आणि तो कचरा कुठून आला हे शोधण्यासाठी गॅलरीचे प्लग पुन्हा काढावे लागतील.